अठरा वर्षांची आठवीतली मुलगी

त्या गुरुवारी सकाळी आठ मुली ठाण्यात आल्या. नोकरीतल्या बाकीच्या केसेस आता एकमेकींत मिसळतात. ही एक अजून जशीच्या तशी आठवते.

चोपड्याकडे, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. शाळेच्या गणवेशातल्या त्या मुली ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर ओळीने उभ्या राहिल्या. सर्वांत उंच मुलगी म्हणाली, "आमनी एक पोर दवडाई गयी."

हरवल्याची तक्रार समजून अंमलदाराने रजिस्टर ओढलं. "कधीपासून दिसत नाही?"

"दिसस ना. रोज दिसस."

"मग हरवली कशी?"

"वेफर्सना कारखानामा जास. शाळामा येत नही."

"वय किती तिचं?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "शाळामा तेरानी शे," उंच मुलगी म्हणाली, "कारखानामा अठरानी."

मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. बाहेर येऊन त्यांना बसवलं. शनिवारी तालुक्याला खो-खोचे सामने होते. मैदानात नऊ गडी लागतात आणि त्या आठच उरल्या होत्या. त्या नवव्या मुलीची मोठी बहीण वेफर्सच्या कारखान्यात कामाला होती. तिचं लग्न झालं, ती पिंपळनेरला सासरी गेली. मुकादमाने तिच्या जागी धाकटीला बसवलं, त्याच नावावर, त्याच आधार कार्डावर.

चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्यांना धोक्याचं काम देता येत नाही. इतर काम चालतं, पण ठरलेल्या तासांत, आणि संध्याकाळी सातनंतर नाही. आठवीतल्या मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मते पोलिसांनी जाऊन तिला घेऊन यायचं, एवढंच काम होतं.

माझ्या हाताखाली एक जमादारबाई होत्या. गेल्या महिन्यात त्या गेल्या. हे लिहायला बसलो तो त्यांच्यासाठी, आणि म्हणून हात सावकाश चालतो आहे. लहान मुलांची चौकशी वर्दीत करायची नसते, त्यामुळे त्या दिवशी त्या साध्या साडीत निघाल्या. मीही साध्या कपड्यांत निघालो. बरोबर कामगार अधिकारी आणि दोन पंच घेतले.

कारखान्यात कच्च्या केळ्यांचे ढीग, मागे तेलाच्या कढया, पुढे केळी सोलणाऱ्या बायका. मुलगी त्यांच्यातच बसली होती. मुकादमाने कार्डाची झेरॉक्स पुढे केली. फोटोच्या जागी काळा डाग होता. जन्मतारखेप्रमाणे वय अठरा भरत होतं.

जमादारबाई मुलीजवळ खाली बसल्या, सुरी घेतली आणि स्वतःही केळी सोलू लागल्या. नाव विचारलं, तिने बहिणीचं सांगितलं. जन्मतारीख विचारली, न अडखळता सांगितली. पढवणाऱ्याने चांगलं पढवलं होतं. कागद आमच्या विरुद्ध होता आणि मुलगी कागदाच्या बाजूने बोलत होती. ती तशीच बोलत राहिली असती तर शाळेचं रजिस्टर मागवून खरं वय सिद्ध करण्यात दोन-चार दिवस गेले असते आणि शनिवार हुकला असता.

पण मुकादमाला राहवलं नाही. तो म्हणाला, "साहेब, लग्नसुद्धा झालंय तिचं. पिंपळनेरला दिलीय."

खोटं बोलणारा एका पुराव्यावर थांबत नाही. न मागता दुसरा देतो, आणि तिथे सापडतो.

जमादारबाईंनी मान वर केली नाही. "असं का? मग नवऱ्याचं नाव सांग गं बाई."

सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. नवी नवरी नवऱ्याचं नाव सहज घेत नाही, हे तिथे प्रत्येकीला माहीत होतं. मुलीने मात्र वर्गात उत्तर द्यावं तसं खणखणीत नाव सांगितलं. नाव मी लिहीत नाही, पण त्याच्यापुढे तिने एक शब्द जोडला: दाजी.

एक म्हातारी म्हणाली, "अवं माय, नवराले दाजी म्हणस का कोणी?" आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. पंच हसले. मुलीने तोंडावर हात ठेवला, आणि मग तीही हसायला लागली.

"अक्का," तिने जमादारबाईंना विचारलं, "आते शनिवारले खेळता यी ना?"

मालक घाईने पुढे आला. "साहेब, घरचीच पोर आहे. मी मामा लागतो तिचा."

"सख्खे?" मी विचारलं.

"बठ्ठं गाव माले मामा म्हणस."

घरच्यांना शाळा सांभाळून मदत करायची सूट कायद्यात आहे, पण त्यात गावाचा मामा बसत नाही, हे कामगार अधिकाऱ्यांनी त्याला समजावून सांगितलं. पंचनामा झाला, शाळेतून वयाचा उतारा आला, मालक आणि मुकादम दोघांवर गुन्हा दाखल झाला. पॅकिंगला सोळा वर्षांच्या दोघी होत्या. त्यांच्या कामाच्या तासांची नोंदच नव्हती, ती ठेवायला लावली.

मुलीची आई ठाण्यात आली ती हेच विचारत: "माले जेलमा टाकशात का?" पहिल्या वेळेला आईबापांना शिक्षा नसते, हे जमादारबाईंनी तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने चहा घेतला. शुक्रवारी जळगावला बालकल्याण समितीसमोर हजर करून, शाळेत पाठवण्याची लेखी हमी घेऊन, मुलगी आईच्या ताब्यात दिली.

शनिवारी ठाण्यातल्या बऱ्याच जणांना त्या मैदानावर बंदोबस्ताची गरज वाटली. मुली दुसऱ्या सामन्यात हरल्या. तरी संध्याकाळी धुळीने माखलेल्या नऊजणी ठाण्यात आल्या आणि अंमलदाराला म्हणाल्या, "सापडनी. आते नाव खोडा."

"लिहिलंच नव्हतं," अंमलदार म्हणाला.

"मंग शोधी कशी तुम्ही?"

मी पुष्कळ कलमं पाठ केली, पण तक्रार म्हणजे काय ते त्या आठ मुलींनी शिकवलं. आपल्यातल्या एकीची जागा रिकामी आहे, एवढं दिसलं की पुरतं. त्यानंतर ठाण्यात आलेल्या कुठल्याही पोराला मी 'मोठ्यांना घेऊन ये' असं म्हटलं नाही.

जमादारबाईंच्या दहाव्याला ती मुलगी आली होती, बहीण आणि दाजींना घेऊन. आमच्या जुन्या शिपायांनी त्या गृहस्थांना "या दाजी" म्हणून जागा करून दिली. तशा दिवशीही आम्ही थोडे हसलो.

जमादारबाई नाहीत. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकते.