आत्याची पूर्ण सही

अख्ख्या पनवेलात एका जागी कधीच न बसलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे माझी आत्या. पन्नाशी उलटल्यावर इतर बायका जपमाळ घेतात, आत्यानं सायकल घेतली. तीही शेजाऱ्यांची, न विचारता. पळस्प्याच्या रस्त्यावर ती डुलत निघाली की समोरचे गाडीवान आपण होऊन बैल शेतात घालत. सायकल जमली आणि तिची गोडी संपली. मग पेटी आली. आत्या 'सा'वरून 'रे'वर पोचेपर्यंत आळीतल्या दोन गाई आटल्या, असं आतोबा शपथेवर सांगत. आतोबा म्हणजे तिचे यजमान; जन्मभर मिठागरावर मुकादमी केलेले, शांत आणि तिरकस. पेटीनंतर तिनं मधमाश्या पाळल्या. त्या आठवड्याभरात घर सोडून गेल्या. "माश्यांना सुटका आहे," आतोबा म्हणाले, "मला नाही."

पण एवढ्या उद्योगांत एक गोष्ट तिला आतून डाचत होती: पोस्टमनसमोर अंगठा उठवणं. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. शाळेच्या पडवीत मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग निघाला, शिकवायला मी, आणि पहिल्या रांगेत पाटी घेऊन आत्या! "मरायच्या आधी सही करीन," ती म्हणाली. सहा महिने तिनं चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवली. आमट्या करपल्या, पण 'ळ' वळणावर आला.

परीक्षेला शिक्षणखात्याचे साहेब आले ते पेणची गाडी गाठायच्या घाईतच. "पूर्ण नाव लिहा. नाही लिहिलं तर नापास." आत्यानं आपलं नाव लिहिलं, चार बोटं जागा सोडली आणि आडनाव लिहिलं.

"मधलं नाव?"

"यजमानांचं नाव कसं घेऊ?"

"घेऊ नका. लिहा."

"लिहिणं म्हणजे हातानं घेणंच की हो!"

शेजारी बसलेली मासळीवाली खदखदून हसली. "बाये, आमी तं भांडताना घेतो! पार खाडीपल्याड ऐकू जातं!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि नापासांच्या यादीकडे हात नेला. आत्याचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी आतोबांना बोलवायला धावलो, तर ते शाळेच्या अंगणातच उभे होते. सकाळपासून, कोणाला न सांगता. सगळं ऐकलं होतं. "लिही गं," ते म्हणाले, "मी बघत नाही." आणि पडवीकडे पाठ करून त्यांनी मागे छत्रीही धरली, आडोशाला.

आत्यानं लिहिलं. साहेबांनी वाचलं, "पास!" म्हणाले आणि पळाले. छत्री मिटेपर्यंत आत्यानं पदरानं पाटी पुसून टाकली होती.

"दाखव तरी."

"इश्श! आता नाही."

पुढं आतोबा नऊ वर्षं होते. अधूनमधून विचारायचे, "एकदा काढून दाखव ना, कसं दिसतं ते." आत्याला सवड कुठली? तोवर तिचं शिवणयंत्र सुरू झालं होतं, मग तळ्यात पोहणं. "उद्या दाखवते," म्हणायची.

हल्ली ती पोस्टमनसमोर झरझर सही करते. फक्त मधल्या नावाशी हात सावकाश होतो, आणि ते लिहून झालं की ती एकदा मागं वळून पाहते.