इसोबेंच्या घराची चौकशी

ओनोमिची बंदरावर, एका न्हाव्याच्या दुकानाच्या माडीवर यासुहेई कुरामित्सु यांचं चौकशी कार्यालय होतं. कामं बहुतेक लग्नाची. स्थळ आलेलं घर कसं आहे, ते शेजारीपाजारी विचारून लिहून द्यायचं. त्याआधी अठरा वर्षं ते पोलिसांत होते. शरमेने राजीनामा दिला असं काहीजण म्हणत; वरिष्ठांनी मागून घेतला असं बाकीचे.

कारणाबद्दल मात्र दुमत नव्हतं. सोयासॉसचं गोदाम जळालं तेव्हा कुरामित्सुंनी चटया विणणाऱ्या तात्सुकिची इसोबेला पकडलं आणि तेवीस दिवस प्रश्न विचारले. जबानी लिहितो पोलीसच, पण आरोपीच्या तोंडची: मी काडी ओढली, मी पळालो. मग ती वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायचा. कुरामित्सुंनी ती भरभर वाचली. झोपेने डोळे मिटत असलेल्या इसोबेने अंगठा दिला. खरा आग लावणारा सापडेपर्यंत तो तुरुंगात होता.

सात वर्षांनी फुकुयामाहून ओरिताबाई आल्या. मुलीसाठी जहाजावरच्या एका इंजिनियरचं स्थळ होतं. त्याचा बाप तुरुंगात होता असं कानावर आलं होतं; खरं निघालं तर लग्न मोडणार होत्या. मुलाचं नाव होतं नोबुओ इसोबे. कुरामित्सुंचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक नव्हता.

काम नाकारणं सोपं होतं. पण या धंद्यात परत केलेल्या कामाचा अर्थ एकच लावतात: घरात लिहिता न येण्यासारखं काहीतरी आहे. नाकारलं असतं, तरी लग्न मोडलंच असतं. कुरामित्सुंनी काम घेतलं.

इसोबेंच्या गल्लीत टोफू विकणाऱ्या किमिएबाईंनी त्यांना ओळखलं. “काय साहेब, या वेळी काय जाळलं त्यांनी?” मग इसोबेंच्या घराबद्दल जे सांगायचं ते सगळं चांगलंच सांगितलं.

अहवाल दोन पानांचा झाला. चौदा महिन्यांचा तुरुंगवास लिहिला, निर्दोष सुटका लिहिली. शेवटी लिहिलं: ती खोटी जबानी मी लिहिली होती. खाली नाव.

तो पोचवण्याआधी त्यांनी धंद्याचा नियम मोडला. ज्याची चौकशी केली त्याच्याच दारात ते अहवाल घेऊन गेले. इसोबे चटईची किनार शिवत होता. त्याने सुई खाली ठेवली नाही.

“वाचून दाखवायचंय,” कुरामित्सु म्हणाले.

“मग या वेळी सावकाश वाचा.”

वाचून झाल्यावर इसोबे म्हणाला, “चौदा महिने नव्हे. चौदा महिने अकरा दिवस.”

कुरामित्सुंनी आकडा दुरुस्त केला आणि दुरुस्तीवर आपला शिक्का मारला.

ओरिताबाईंनी अहवाल दोनदा वाचला. “तुम्ही एकदा चुकलात. आता तुमच्या शब्दावर मुलगी द्यायची?”

“तुरुंगाचं कानावर आलं होतं तुमच्या. चूक कुणाची ते आलं नव्हतं. तेवढं लिहिलंय.”

त्यांनी कागद घडी करून रेशमी रुमालात बांधला आणि निघून गेल्या.

लग्न नोव्हेंबरात झालं. कुरामित्सुंना ते टोफू घेताना किमिएबाईंकडून कळलं. फुकुयामाहून मात्र त्यांच्याकडे पुन्हा काम आलं नाही. स्वतःविरुद्ध लिहिणारा माणूस आपल्याबद्दल काय लिहील याचा भरवसा नाही, असं तिथे बोललं गेलं.