मुठीतला अंगठा

माझ्या सासूबाई भामाबाई ओव्हाळ कामशेतच्या शाळेत शिपाई होत्या, आणि शाळा आपल्याच जिवावर चालते असं त्यांना निवृत्तीपर्यंत वाटत होतं. हेडमास्तर आले नि गेले, घंटा मात्र यांचीच. मी त्यांना आत्या म्हणते. आमचं गोडीगुलाबीचं कधीच नव्हतं. माझी भाकरी त्यांना कधी पातळ वाटली नाही आणि त्यांचं बोलणं मला कधी मऊ वाटलं नाही.

सासरे सीताराम त्याच शाळेत शिपाई होते. ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी आत्यांना घेतलं. तेव्हा त्या अंगठा लावायच्या. पगाराच्या दिवशी बाकीचे खिशातून पेन काढायचे आणि क्लार्क यांच्यापुढं शाईचं पॅड सरकवायचा. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. शाळेतल्याच एका बाईंकडून मधल्या सुट्टीत त्या सही शिकल्या. मग काय विचारता, लाईट बिलाच्या पाठीवरसुद्धा ‘भा. सी. ओव्हाळ’ ठोकायच्या. विहारात बायका जमल्या की प्रत्येकीला सुनवायच्या, शिका गं, अंगठ्याचे दिवस गेले. माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, लहानपणी अभ्यासाचा कंटाळा केला की त्याला एकच धाक असायचा, जन्मभर अंगठा लावत फिरशील.

त्या विसरायला लागल्या तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं. वय झालं की होतंच, असं शेजारीपाजारीही म्हणाले. मग दुपारी शाळा सुटायच्या वेळेला त्या दारात उभ्या राहून सुहासची वाट बघायला लागल्या. सुहासचे आता केस पिकलेत. तो समोरून आला तरी त्यालाच विचारायच्या, पोरं सुटली का हो?

यंदा त्या मोरीत पडल्या आणि खुबा मोडला. घोरावाडी स्टेशनवरून रिक्षानं जावं लागतं अशा एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, आम्हाला वाटलं सुटलो. कसलं सुटतोय. नवी जागा, नवी माणसं, आत्या पार बिथरल्या. सलाईनची सुई उपटायच्या, मोडक्या पायानं उठायला बघायच्या. हॉस्पिटलनं सांगितलं की दिवसरात्र जवळ माणूस पाहिजे, नाहीतर आम्ही जबाबदार नाही. त्यात छातीत कफ झाला आणि मुक्काम वाढला. हे वाढलेले दिवस काही योजनेत बसेनात.

सुहास तळेगावला कंपनीत शिफ्टवर. मी कुसगावच्या एका हॉटेलात खोल्या लावते, गेले नाही की त्या दिवसाचा पगार नाही. म्हणून आया ठेवली, दिवसाची एक आणि रात्रीची एक. औषधापेक्षा राखण महाग पडली. आमची होती नव्हती ती शिल्लक संपली. सुपरवायझरनं मला गोड बोलून सांगितलं की कामाला बायका पुष्कळ मिळतात. परक्या माणसांच्या चादरी ताणता ताणता मी मनात म्हणायचे, एकदाची सुटू दे ही बाई. सुटू दे म्हणजे कशी, ते मात्र मी स्वतःला विचारत नव्हते.

पैसे होते, पण ते आत्यांच्या पेन्शनच्या खात्यात. सुहासनं त्या पैशांना कधी हात लावला नव्हता. एटीएमचं कार्ड आत्यांनी घेतलंच नाही, कारण मशीन सही बघत नाही. पैसे भरल्याशिवाय घरी सोडणार नाही असं आम्हाला कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण डिस्चार्जचा कागद काही पुढं सरकेना. आणि जितके दिवस सरकेना तितकं बिल चढत होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

सुहासनं विनवल्यावर बँकेचे साहेब शनिवारी पैसे काढायचा कागद घेऊन हॉस्पिटलात आले. माणूस चांगला होता. पेन दिसल्यावर आत्या खुलल्या, ताठ बसवा म्हणाल्या. ‘भा’ काढला. मग त्यावरची रेघ ओढायला लागल्या, ती ओढतच राहिल्या, पार कागद संपून चादरीवर गेली. साहेब म्हणाले, हरकत नाही, अंगठा चालेल, मी आहे आणि साक्षीला सिस्टर आहेत. त्यांनी पॅड उघडलं मात्र, आत्यांनी अंगठा मुठीत घातला आणि मूठ आवळली.

“मी सही करती,” त्या म्हणाल्या. “मला अंगठा मागायचा न्हाई.”

सुहासनं गोंजारलं, रागावून पाहिलं. मूठ सोडवायला गेला तर त्याला चावल्या. साहेब म्हणाले, जबरदस्तीचा अंगठा मला चालणार नाही, मी सोमवारी परत येतो.

सोमवारी सुहास रात्रपाळी करून तसाच आला होता. मी खाडा करून आले होते. बाहेर बाकावर मी त्याला म्हटलं, झोपेत असतानाच लावून घ्यायचा होता. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मला त्याचा राग आला, आणि त्याचे सुजलेले डोळे बघून कीवही आली.

साहेब आले, पॅड निघालं, आत्यांची मूठ मिटली. सुहास स्टुलावर बसला. समजूत घालायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

“अंगठा लावल्याबिगर घरी सोडायची न्हाईत ती,” तो म्हणाला.

आत्यांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, शाळा सुटली का? सुटली, तो म्हणाला.

“मग पोरगं दारात बसलं आसंल. किल्ली माज्याकडं हाय.”

आणि त्यांनी आपण होऊन मूठ उघडली. कुणी हात धरावा लागला नाही. अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट दाबला. सिस्टरनं आणि साहेबांनी सह्या केल्या. पैसे आजच वळते करतो असं सांगून साहेब निघून गेले.

मी ओल्या कापसानं शाई पुसायला लागले. आत्यांनी हात ओढून घेतला आणि पांघरुणाखाली लपवला. शेजारच्या खाटेकडं कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि सुहासला खुणेनं जवळ बोलावलं. त्याला त्या बँकेचा माणूस समजल्या होत्या, नाहीतर शाळेतला क्लार्क.

“सायेब, आमच्या सुहासला सांगू नगा, आईनं अंगठा लावला म्हून.”

माझ्या हातात कापूस तसाच राहिला. सुहासनं मान खाली घालून पांघरुणाची कड सारखी केली.

“न्हाई सांगत, मावशी,” तो म्हणाला.