तोर्मोडचं नाक

तोर्मोड मॅकफेलला आपल्या नाकाचा माज होता आणि तो त्याला शोभायचा. बेटावरच्या आमच्या शेतातल्या व्हिस्कीच्या भट्टीत त्याने एकेचाळीस वर्षं काढली. मोड आलेले बार्लीचे दाणे मुठीत चुरडून हुंगायचा आणि हे समुद्राकडच्या वावरातले की टेकडीखालचे, ते छातीठोकपणे सांगायचा. माझ्या वडिलांनी चार वेळा त्याची परीक्षा घेतली आणि चारही वेळा तोंडघशी पडले.

पण खरा मान होता तो हौद धुवायच्या दिवशी. आमचे आंबवणीचे लाकडी हौद दोन पुरुष खोल. आतला रस काढून घेतला तरी तळाशी जड हवा साचून राहते. ती दिसत नाही, पण उतरलेला माणूस दोन श्वासांत आडवा होतो. म्हणून आधी तोर्मोड काठावरून वाकून हुंगायचा. नाकात मिरी गेल्यासारखं झोंबलं की "थांबा", नाही झोंबलं की "सोडा शिडी". त्या सकाळी तो कांदा खात नसे, साबण लावत नसे. बायको होती तेव्हा तिलाही म्हणायचा, "संध्याकाळी हवं तेवढं अत्तर लाव बाई, दुपारपर्यंत माझ्यापासून लांब राहा." पुढे हवा मोजायचं यंत्र आलं, कायदाही आला. यंत्र आकडा दाखवायचं, पण शिडी सुटायची ती तोर्मोडने मान हलवल्यावरच.

यंदा फेब्रुवारीत तो तापाने आठ दिवस पडून होता. उठला, कामाला लागला. मार्चमध्ये एकदा माझ्या स्वयंपाकघरात चहाला बसला, तर दूध नासलेलं. मला दारातूनच वास आला. तो मात्र कप रिकामा करून म्हणाला, "झकास झालाय, इशबेल." मग मी मुद्दाम ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाच्या भाकऱ्या, तव्यावर करपू दिल्या. घरभर धूर झाला तेव्हा तो डोळे चोळत म्हणाला, "वारा फिरलाय वाटतं." नाक गेलं म्हणजे तोर्मोडकडे उरणार काय? मी ठरवलं, सवडीने बोलू. तीन आठवडे ती सवड मला सापडली नाही. खोटं कशाला बोलू, मी ती शोधलीच नाही.

त्या गुरुवारी एक जर्मन जोडपं भट्टी बघायला आलं होतं. मी त्यांना फिरवत हौदांपाशी आणलं. तिसरा हौद नुकताच रिकामा झाला होता. माझा धाकटा भाऊ रुअरी आत उतरायला झाडू घेऊन उभा. हातातलं यंत्र बंद.

"रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं," तो ओशाळून म्हणाला. "तासभर लागेल."

"तुझं डोकंही लाव एकदा चार्जिंगला," तोर्मोड म्हणाला. "सरक. माझं नाक कायम चार्ज असतं."

पाहुणे हसले. त्या बाईने फोटोसाठी फोन वर धरला. तोर्मोड काठावर वाकला. नेहमी दोनदा हुंगायचा, त्या दिवशी चारदा हुंगला.

मी म्हणाले, "तोर्मोड, राहू दे ना. तासाभराने करू. चहाबरोबरचे स्कोन गरम आहेत, सगळेच चला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना त्याने खांद्यावर बसवून वाढवलेलं. माझा चेहरा त्याला वाचता यायचा. मला कळलंय हे त्याला त्या क्षणी कळलं. मी सगळ्यांसमोर बोलू नये, एवढंच त्या नजरेत होतं. आणि मी गप्प बसले.

"साफ आहे," तो म्हणाला. रुअरीने शिडी सोडली, पाय टाकणार तोच तोर्मोडने त्याच्या हातातला झाडू काढून घेतला. "आज मी उतरतो. पाहुण्यांना जरा म्हाताऱ्याचं काम दिसू दे."

"तू? गुडघे कुरकुरतात तुझे!"

"तुझ्या तोंडापेक्षा कमीच."

तो उतरला. सात पायऱ्यांपर्यंत मला त्याची टोपी दिसत होती. मग शिडीवरचे हात सुटले. ओरडला नाही, काही नाही. खाली फक्त धप्प आवाज झाला.

रुअरी शिडीकडे झेपावला. मी त्याच्या पट्ट्याला धरून त्याला मागे जमिनीवर पाडलं आणि त्याच्या अंगावर बसले. मागून उतरणारा दुसरं प्रेत होतो, हे आम्हाला तोर्मोडनेच शिकवलेलं. रुअरी मला बुक्के मारत होता, शिव्या देत होता. जर्मन बाई किंचाळत होती. प्राणवायूचे मास्क लावलेली बचावाची माणसं गावातून यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी भावाला दाबून धरलं आणि खाली बघितलं नाही.

चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं, "तोर्मोड यांच्या वास घेण्याच्या शक्तीबद्दल काही शंका होती का?"

"बेटावर त्याच्यासारखं नाक नव्हतं," मी म्हणाले. मेलेल्या माणसाची तेवढी अब्रू तरी राखावी, असं तेव्हा वाटलं. बाईंनी लिहून घेतलं: यंत्र चार्ज केलेलं नव्हतं.

रुअरी आता भट्टीत पाऊल टाकत नाही. बार्ली पेरतो, घरी येतो, ताटासमोर बसून राहतो. काल दुपारी म्हणाला, "त्याचं नाक कधी चुकलं नव्हतं, इशबेल. मी ते यंत्र लावलं असतं तर त्याला हुंगावंच लागलं नसतं. मीच मारलं ना त्याला?"

मी म्हणाले, "सूप निवतंय, खा."