ओली काडी
नुकत्याच तोडलेल्या कपाशीचा तुरट, हिरवा वास आला की मला हिवरखेडचे आमचे अंगण आठवते. त्या दुपारी तिथे आत्याची काडीमोड व्हायची होती. तिच्या नवऱ्याने दुसरे घर केले होते आणि त्याला फारकत हवी होती. आत्याला संसार सोडायचा नव्हता, पण तिला कुणी विचारलेच नाही. मी तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकत होते. काडीमोड म्हणजे खरोखरच काडी मोडणे, हे त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिले. म्हाताऱ्या पंचांनी वाळकी काडी शोधायची सोडून वावरातली ओली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, आणवली आणि आत्याच्या हाती दिली. तिने ती दोनदा वाकवली. आतले लाकूड मोडले, पण पिळूनही साल तुटेना. "नवऱ्यापरीस काडी इमानी निघाली वं!" शेजारीण म्हणाली. "मोड ना बाई, काहून थांबून राहिली?" पंच वैतागले. माझे वडील, तिचे सख्खे भाऊ, मान खाली घालून बसले होते. आज वर्गात शिकवताना 'काडीमोड' शब्दाचा उगम मी नीट सांगते. पुढचे मात्र माझ्याच्याने सांगवत नाही. पिळवटलेल्या सालीचे दुसरे टोक माझ्यापुढे करून आत्या म्हणाली, "धर."