रोवलेल्या बिटांची ओळ

माझ्या जिभेला हाड नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी मीही ते कौतुकाने सांगायचो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आईला चक्कर आली, तिथून हे सुरू झालं. गावच्या दवाखान्यात नर्सबाईंनी बोट टोचून पाहिलं आणि अंगात रक्त कमी आहे म्हणाल्या. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, शिवाय बीट खाऊ घाला म्हणून सांगितलं. धान कापून झाला होता, हात मोकळे होते. म्हटलं, विकत कशाला आणायचं, घरामागच्या सांदवाडीत एक वाफा करू. गोंदियाच्या बाजारातून बियाण्याचं पाकीट आणलं आणि टोकून टाकलं.

बिटाचं एक बी म्हणजे दोन-तीन बियांचा खडबडीत गोळा. एका जागी तीन-तीन रोपं उगवतात. त्यातलं जोमदार एक ठेवायचं, बाकीची उपटून टाकायची. आईला तसं समजावून मी शेतात गेलो. पण आईने जन्मभर धानाची रोवणी केलेली. उगवलेलं रोप फेकणं तिच्या हातून होणारच नव्हतं. दुपारी परत येऊन बघतो तर वाफ्याच्या कडेला तिने चिखल केलेला, साडी खोचलेली, आणि कमरेत वाकून, मागे-मागे सरकत ती उपटलेली रोपं रोवून राहिलेली. बांधीत धान रोवतात अगदी तशी.

"आई, मुळाचं पीक हाये हे! रोवलं का मूळ वाकडं होते. फेक ते."

"कायले फेकू? जित्तं हाये ना."

माझा पारा चढला. धानाशिवाय जगात दुसरं काही पिकत नाही का, आयुष्य गेलं तरी तुला एवढं कळत नाही, वगैरे बरंच बोललो. तिने ऐकून घेतलं आणि उरलेली रोपं रोवली. तिची ती अख्खी ओळ जगली. खरं सांगायचं तर मला ते फारसं आवडलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास पेरलेली बिटं मुठीएवढी झाली. पहिलं बीट आईनेच उपटलं, पदराला पुसलं आणि पाल्यासकट मला आणून दाखवलं. बायकोने पाल्याची भाजी केली, बिटाची कोशिंबीर केली. आठ-दहा दिवस घरात सगळ्यांची बोटं लाल. अशातच एका सकाळी आई पांढरीफटक होऊन न्हाणीतून बाहेर आली आणि सुनेच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. बायकोने मला सांगितलं, आईंना लघवी लाल झाली.

मी हसत सुटलो. बीट खाल्लं की काहींना तसं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ते बिटाचंच असेलही. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. वाण घ्यायला आलेल्या शेजारच्या बायकांपुढे ओसरीत आईची नक्कल केली. "मरून रायली गा मी, रक्त चाललं माहं!" बायकांची हसून मुरकुंडी वळली. आईही तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, तिलाही गंमत वाटली.

त्यानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. न्हाणीच्या दगडावर मात्र अधूनमधून लालसर डाग दिसायचा. बायकोने एकदा विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "रोज सकाळी एक कच्चं खाऊन रायली ना मी." मी म्हटलं, खाऊ दे, रक्तच वाढेल. शिवरात्रीपर्यंत पेरलेली बिटं संपली. उरली ती तिने रोवलेली ओळ. त्या ओळीला ती कोणाला हात लावू देत नव्हती. "ते माहे हायेत," म्हणायची. दिवसेंदिवस आई वाळत चालली होती. गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे आम्ही ते वयावर ढकललं.

होळी झाल्यावर मला काकडी लावायला तो वाफा हवा होता. ऊन चढायच्या आत कुदळ घेऊन सांदवाडीत गेलो. डोक्यावर बिरसीच्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. आई ओसरीतून ओरडली, "काऊन उपटून रायलास? राहू दे ना बाबू!"

मी कधी तिचं ऐकलं होतं, की त्या दिवशी ऐकणार? पहिलं बीट उपटलं. वाकडं, दोन पाय फुटलेलं, लाकडासारखं निबर. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सात-आठ उपटली असतील, तेव्हा माझा हात थांबला. ओळीत कुठेही रिकामी जागा नव्हती. रोज एक खाल्लं असतं तर निम्मी ओळ तरी उठली असती. इथे तर एकही बीट कमी नव्हतं. आणि त्याच सकाळी न्हाणीच्या दगडावरच्या लाल डागावर मी स्वतः पाणी ओतलं होतं.

कुदळ तिथेच टाकून ओसरीत आलो.

"आई, तू कोनतं बीट खाऊन रायली होतीस?"

जमिनीकडे बघतच ती म्हणाली, "बीट खाल्लं मनलं का तू चूप रायतोस. नाही तं साऱ्या गावाले सांगतोस."

माझी मलाच इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

त्याच दिवशी तिला गोंदियाला नेलं. पुढचं थोडक्यात सांगतो, लांबवण्याची ताकद नाही. मूत्रपिशवीत गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. नागपूरला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. आखाडात गावभर रोवणी चालू असताना आई गेली. नातेवाईक म्हणतात, आधी कळलं असतं तरी काय झालं असतं कोण जाणे. ते माझ्या भल्यासाठीच म्हणतात.

गोंदियाच्या त्या पहिल्या दिवसातली एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. डॉक्टरांच्या खोलीत आई आणि मी, दोघंच होतो. डॉक्टर हिंदी बोलणारे, मऊ आवाजाचे. त्यांनी विचारलं, "माताजी, पेशाब लाल कब से हो रहा है?"

संक्रांतीपासून, असं मला म्हणायचं होतं. दोन महिने झाले, आणि मी हसलो होतो, हेही सांगायचं होतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याआधी बोलली.

"आठ दिन हुए होंगे, साब. इसको मालूम पडा तो आजच लेके आया."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "अच्छा किया बेटा, देर नहीं की."

आईने समाधानाने मान डोलावली.

मी म्हणालो, "जी, साब."