पुढचे सहा डबे बंदराकडे

जंक्शनवर तिला सगळे आवाजबाई म्हणायचे. तिचे वडील त्याच स्टेशनात कोळशाच्या इंजिनांना पाणी भरायचे. तेव्हा तिथे नुसता फाटा होता; पाणी मिळायचं म्हणून गाड्या थांबायच्या, आणि गाड्या थांबायच्या म्हणून गाव वाढलं. पुढे इंजिनांची तहान संपली, तरी वाटा तिथूनच फुटत राहिल्या, एक बंदराकडे आणि एक डोंगराकडे. राजधानीची बारा डब्यांची गाडी रोज पावणेबाराला यायची, तिचे दोन तुकडे व्हायचे आणि सहा-सहा डबे आपापल्या वाटेला लागायचे. बावीस वर्षं आवाजबाई माईकसमोर बसून तेच सांगत आली होती : पुढचे सहा डबे बंदराकडे, मागचे सहा डोंगराकडे.

त्या दिवशी राजधानीतूनच डबे उलटे जोडून आले होते. स्टेशनमास्तरांनी सकाळी तशी चिठ्ठी तिच्या टेबलावर ठेवली होती, तिने ती दोनदा वाचलीही होती. पण गाडी फलाटाला लागली, बोट बटणावर गेलं आणि जिभेने आपलं रोजचं काम उरकलं.

खिडकीतून तिला शेवटच्या डब्यावरची पाटी दिसली. बंदर.

तोवर योग्य डब्यात बसलेली माणसंही तिच्या शब्दावर विसंबून, बोचकी उचलून डबे बदलायला लागली होती. तिने चूक कबूल करून पुन्हा घोषणा केली, पण फलाटावर एकच कल्लोळ उडाला. कुणाला पहिलं खरं वाटलं, कुणाला दुसरं. तिने फोन करून मास्तरांकडे चार मिनिटं जास्त मागून घेतली आणि चपला हातात घेऊन खाली धावली. डब्याडब्यात शिरून ओरडली. डबे सोडवणारा खाली रुळांत उतरलाच होता, त्याने हातातली शिटी दाखवून विचारलं, "वाजवू का?" तिला हो म्हणवेना, नाही म्हणता येईना. शेवटी मास्तरांनीच हात केला.

मग ती खोलीत परतली. फोन वाजू नये म्हणून ती त्याच्याकडेच बघत बसली. पाऊण तासाने तो वाजला. डोंगराच्या वाटेवरल्या दुसऱ्या स्टेशनावर एका आजींना उतरवलं होतं. निघाल्या होत्या बंदराला. बहीण चारच्या जहाजाने मुलाकडे कायमची चालली होती, तिला निरोप द्यायला.

आवाजबाईने मनातल्या मनात गाड्या जुळवल्या. परतीची गाडी दीडला निघणार, जंक्शनवर दोनला, मग अडीचच्या गाडीने बंदराला पावणेचार. तेही सगळं वेळेवर झालं तर. एरवी आजी एक वाजताच पोचल्या असत्या. तिने मास्तरांना सगळं सांगितलं, स्वतःची चूक स्वतःच लिहून दिली आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. त्यांनी तिकीटखिडकीवरच्या बाईंना माईकवर बसवलं.

दोनची गाडी आठ मिनिटं उशिरा आली. तेवढ्यात आवाजबाईने फलाटाच्या किती फेऱ्या मारल्या, तिचं तिला ठाऊक नाही. आजी उतरल्या, काठी सावरत. तिने पिशवी घेतली, बंदराच्या गाडीत बसवलं आणि शेजारी बसून चूक माझीच झाली म्हणाली.

आजींनी मान वर केली. "तू होय ती? आवाजावरून वाटलंच. मी मागेच बसले होते बघ. पण म्हटलं, बाई एवढं ठामपणे सांगतेय, तर माझंच चुकत असणार."

वाटेत दोनदा गाडी सिग्नलला थांबली. दोन्ही वेळा आवाजबाई दारात जाऊन उभी राहिली, जणू तिच्या बघण्याने सिग्नल पडणार होता.

धक्क्यावर पोचल्या तेव्हा चारला दहा कमी होते. बहीण शिडीपाशी अडून बसली होती, माझी माणसं आल्याशिवाय वर चढणार नाही म्हणून. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तीन तास मिळायचे होते, तिथे दहा मिनिटं मिळाली. खलाशाने बहिणीला हाताला धरून वर नेलं तेव्हा आजी म्हणाल्या, "सांगायचं बरंच राहिलं." ते आवाजबाईला उद्देशून नव्हतं, पण ऐकलं तिनेच.

मास्तरांनी लेखी समज दिली आणि विषय मिटवला. तिने तिकीटखिडकीवर बदली मागितली, ती मिळाली नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं पावणेबाराच्या आधी तिला घास उतरायचा नाही. गाडी आली की ती आधी जिना उतरून खाली जायची, पाट्या स्वतः वाचायची, मग धापा टाकत वर येऊन माईकवर बोलायची. गुडघे दुखायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, चिठ्ठीवर भरवसा ठेव की आता. ती म्हणाली, "चिठ्ठी बरोबरच होती रे."

आजींची गाठ पुन्हा पडली नाही. त्यांच्या बहिणीचं पुढे काय झालं, तेही तिला कळलं नाही.